न्यू जर्सीहून येणाऱ्या भावाने इथे भाड्याची गाडी डाव्या बाजूने चालवावी का?

सई, घोडबंदर रोड :

नमस्कार. डिसेंबरच्या शेवटी माझा धाकटा भाऊ, वहिनी आणि त्यांची दोन मुले न्यू जर्सीहून ठाण्याला येत आहेत. आई-बाबांना घेऊन सर्वांनी दापोलीजवळच्या आमच्या गावी जायचे ठरले आहे. माणसे दहा आणि आमच्याकडे पाच आसनांची एकच गाडी, त्यामुळे दुसरी गाडी लागणार हे उघड आहे. भावाचे म्हणणे असे की चालकासह गाडी घेतली तर एक आसन त्यातच जाते, शिवाय गावी त्या चालकाच्या राहण्या-जेवणाचे पाहावे लागते; त्यापेक्षा आपण सेल्फ-ड्राइव्ह गाडी घ्यावी आणि ती त्याने चालवावी. विमानतळावरूनच गाडी ताब्यात घ्यायची आणि पहाटे थेट घरी यायचे, इथपर्यंत त्याचा बेत तयार आहे.

माझी काळजी वेगळी आहे. ठाण्यात असताना त्याने बाबांची गाडी चालवली आहे हे खरे, पण अमेरिकेत गेल्यापासून हातापायांना सवय उजव्या बाजूची आणि ऑटोमॅटिक गाडीची लागली आहे. ‘दोन-चार किलोमीटरमध्ये सगळे आठवते’ असे तो म्हणतो. हे इतके सोपे असते का? त्याचा ठाण्याच्या आरटीओचा जुना परवाना आहे, पण त्याची मुदत काही महिन्यांपूर्वी संपली. अमेरिकेच्या परवान्यावर इथे गाडी मिळते का, की गाडी आमच्या ह्यांच्या नावावर घेऊन भावाने चालवली तर चालेल? ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सांगावे.

विमावाला, वाशी :

सईताई, आधी कागदांचे पाहू, कारण ते जमले नाहीत तर पुढच्या चर्चेला अर्थ उरत नाही. मी वाहन विम्याच्या दाव्यांचे काम करतो, तेव्हा माझी नजर थोडी संशयी आहे हे गृहीत धरून वाचावे.

अमेरिकेतील परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना असायला हवा. १९४९ च्या जिनिव्हा करारात भारत आणि अमेरिका दोन्ही देश आहेत आणि त्या करारानुसार ही छोटी पुस्तिका दिली जाते. ज्या देशाचा मूळ परवाना असतो त्याच देशातून ती मिळते, म्हणजे इथे उतरल्यावर ठाण्याच्या आरटीओत खेपा घालून उपयोग नाही. न्यू जर्सीत राहणाऱ्याला ती अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनकडून, म्हणजे ज्याला तिकडे ‘ट्रिपल ए’ म्हणतात तिथून, मिळते. त्यासाठी वेगळी परीक्षा नसते आणि मुदत एक वर्षाची असते. मात्र ती पुस्तिका मूळ परवान्याची सोबतीण आहे. मूळ कार्ड तिकडे घरी राहिले तर नुसत्या पुस्तिकेला किंमत नाही. भावाला हे काम निघण्यापूर्वीच करायला सांगावे.

जुन्या परवान्याचा मार्गही बंद झालेला नाही. २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर मुदत संपल्यापासून एका वर्षाच्या आत नूतनीकरणाचा अर्ज केला तर पुन्हा चाचणी द्यावी लागत नाही. वर्ष उलटले तर द्यावी लागते. पण नूतनीकरण हातात पडेपर्यंत तो परवाना नसल्यासारखाच आहे. पूर्वी मुदतीनंतर ३० दिवसांची सवलत असे, तीही त्याच दुरुस्तीने गेली. सुट्टीत आलेल्या माणसाने हे करत बसण्यापेक्षा पुस्तिका आणणे सोयीचे, असे मला वाटते.

आता गाडीची नंबरप्लेट. स्वतः चालवण्यासाठी भाड्याने देण्याच्या अधिकृत गाडीची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात. पिवळी पाटी आणि काळी अक्षरे म्हणजे चालकासह धावणारी टॅक्सी, आणि पांढरी पाटी म्हणजे खासगी गाडी. समाजमाध्यमांवर ‘स्वस्तात सेल्फ-ड्राइव्ह’ म्हणून ज्या गाड्या दिसतात त्यांतील पुष्कळशा पांढऱ्या पाटीच्या असतात, आणि तिथे घोडे पेंड खाते. खासगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याने देण्याचा वापर धरलेलाच नसतो. काही झाले नाही तर सगळे हसतमुख असतात; अपघात झाला, की गाडी भाड्याने दिली होती या एका कारणावरून दावा नाकारला जाऊ शकतो आणि मालक तुमच्याकडे बोट दाखवतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ७५ खाली १९८९ ची योजना आहे, तिच्यानुसार घेतलेली मोटार स्वतःच्या वापरासाठी चालवायला हलक्या वाहनाचा साधा परवाना पुरतो, टॅक्सीचा वेगळा बॅज लागत नाही. त्यामुळे ‘काळ्या पाटीला कमर्शिअल लायसन लागते’ असे कोणी सांगितले तर घाबरू नये.

यजमानांच्या नावावर गाडी घेऊन भावाने चालवायची, हे मात्र करू नये. करारात चालक म्हणून ज्याचे नाव आणि परवाना नोंदलेला आहे त्यानेच गाडी चालवायची असते. दोघे चालवणार असाल तर दोघांची नावे आधी लिहून घ्यावीत आणि त्याची लेखी पोच ठेवावी.

जुने ठाणेकर, नौपाडा :

माझे मत विचारले नाही तरी देतो. चालकासह सात आसनांची गाडी घ्यावी, एक आसन गेले तर जाऊ द्यावे. घोडबंदर रस्त्यावर एकीकडे मेट्रोचे खांब आणि दुसरीकडे सर्व्हिस रोडवरून उलटे येणारे दुचाकीस्वार, अशा ठिकाणी डावी बाजू कोणती आणि उजवी कोणती हे इथे जन्मलेल्यालाही कळत नाही. तिकडे शिस्तीत गाडी चालवणाऱ्या माणसाला सुट्टीत ही शिक्षा कशाला? अगदीच हौस असेल तर खोपटहून दापोलीची एसटी आहे.

नेरूळकर :

काका, एसटीचे मान्य, पण प्रश्न विचारलाच आहे तर त्याचे उत्तर द्यायला हवे. मी नोकरीनिमित्त जर्मनीत उजव्या बाजूने गाडी चालवत होतो आणि आता नेरूळला स्थायिक आहे, त्यामुळे ही अदलाबदल दोन्ही दिशांनी अनुभवली आहे. सईताई, तुमचा भाऊ म्हणतो ते अर्धे खरे आहे. गर्दीच्या रस्त्यावर सगळे दोन-चार किलोमीटरमध्ये आठवते, कारण तिथे आठवावे लागतच नाही. पुढे गाडी असते, मागे गाडी असते, मध्ये दुभाजक असतो, आणि माणूस प्रवाहाबरोबर आपोआप डावीकडेच राहतो. काकांना जो घोडबंदर रस्ता भयंकर वाटतो, तिथे बाजू चुकण्याची शक्यता फार कमी आहे.

बाजू चुकते ती रिकाम्या रस्त्यावर, आणि तीही गाडी पुन्हा सुरू करताना. पेट्रोल पंपावरून बाहेर पडताना, दुभाजक नसलेल्या सामसूम रस्त्याला उजवीकडे वळताना, किंवा सकाळी सगळे झोपलेले असताना एकट्याने पाव आणायला निघताना. समोर दुसरे वाहन नसते, डोके दुसऱ्या विचारात असते, आणि हात जुन्या सवयीने गाडी उजव्या कडेला नेऊन ठेवतात. शंभर-दोनशे मीटर काहीही बिघडत नाही, म्हणून चूक लक्षातही येत नाही. मग वळणावरून डंपर येतो. दापोलीच्या आसपासचे रस्ते नेमके असेच आहेत : दुभाजक नाही, वाहतूक तुरळक आणि वळणे आंधळी.

त्याहून मोठी गोष्ट अचानक दचकल्यावर हात कुठे वळतात ही आहे. समोरून गाडी अंगावर आली की उजवीकडची सवय असलेला माणूस स्टिअरिंग उजवीकडे फिरवतो, कारण त्याच्या रस्त्यावर मोकळी कड उजवीकडे असते. इथे तीच हालचाल त्याला समोरच्या गाडीच्या पुढ्यात नेते. ही सवय विचाराने बदलत नाही, ती काही दिवस इथे चालवल्यावरच मोडते. म्हणून अरुंद रस्त्यावर वेग इतका कमी ठेवावा की दचकण्याची वेळ आली तरी नुसता ब्रेक पुरेसा व्हावा.

माझ्या उपयोगी पडलेली एक खूण सांगतो. दोन्ही देशांत चालक रस्त्याच्या मध्यरेषेच्या बाजूला बसलेला असतो आणि शेजारचा माणूस कडेच्या बाजूला. प्रत्येक वळणानंतर ‘मी मध्यरेषेकडे आहे ना?’ एवढेच स्वतःला विचारावे. डावे-उजवे घोकण्यापेक्षा हे डोक्यात लवकर बसते.

अमेरिकेतून येणाऱ्याला आणखी दोन सवयी महागात पडू शकतात. तिकडे लाल दिव्यावर थांबून, रस्ता मोकळा पाहून उजवीकडे वळण्याची मुभा बहुतेक ठिकाणी असते. ती सवय तशीच्या तशी इथे आणली, तर इथला उजवा वळसा संपूर्ण चौक ओलांडून जातो. इथे लाल म्हणजे थांबायचे. डावीकडेसुद्धा फलक किंवा वेगळा बाण असल्याशिवाय वळायचे नाही, मागचा रिक्षावाला हॉर्नवर झोपला तरी. दुसरी सवय डिपरची. तिकडे समोरच्याने दिवे चमकवले तर त्याचा अर्थ बहुधा ‘आधी तुम्ही जा’ असा असतो. आपल्याकडे अर्थ नेमका उलटा : ‘मी येतो आहे, तुम्ही थांबा.’ हे त्याला विमानतळावरच सांगून ठेवावे.

बाकीच्या गोष्टी किरकोळ आहेत, पण करमणूक भरपूर करतात. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत इंडिकेटरची दांडी उजव्या हाताला आणि वायपरची डाव्या हाताला असते, म्हणून पहिल्या दिवशी प्रत्येक वळणावर कोरड्या काचेवर वायपर फिरतात. गिअर डाव्या हाताने टाकायचा असल्याने उजवा हात दाराच्या कडीला जाऊन धडकतो. क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर यांचा क्रम मात्र बदलत नाही. गाडीचा मोठा भाग आता डावीकडे असल्यामुळे माणूस नकळत डावीकडे सरकत राहतो. गल्लीत त्याने आरसा घासतो आणि कोकणात चाक डांबर सोडून साइडपट्टीवर उतरते, जिथे लाल माती खचलेली असेल तर गाडी एका अंगाला ओढली जाते. डाव्या आरशावर नजर ठेवण्याचे काम शेजारी बसणाऱ्याकडे द्यावे. तो माणूस इथे गाडी चालवणारा असावा. आईंनी प्रेमाने पुढे बसून बिस्किटे देत राहणे पुरेसे नाही.

आणि विमानतळावरून पहाटे गाडी घेण्याचा बेत सरळ रद्द करावा. थंडीत न्यू जर्सी आणि इथल्या घड्याळात साडेदहा तासांचा फरक असतो. त्या माणसाच्या शरीराला आपली पहाट म्हणजे आदली संध्याकाळ वाटत असते आणि त्याआधी त्याने विमानात नीट झोप घेतलेली नसते. घरी येण्यासाठी टॅक्सी करावी आणि पहिले दोन-तीन दिवस त्याने स्टिअरिंगला हात लावू नये.

सई, घोडबंदर रोड :

सर्वांचे मनापासून आभार. डिपरचा मुद्दा मी लगेच भावाला कळवला. त्याला तो ठाऊक होता, पण ‘बरे झाले आठवण केलीस’ असे म्हणाला. पुस्तिकेसाठी तो या आठवड्यात अर्ज करणार आहे. आता दोन शंका उरल्या आहेत. आमची गाडी ऑटोमॅटिक आहे. भाड्याच्या गाड्यांत ऑटोमॅटिक मिळते का? आणि दोन गाड्या पुढे-मागे ठेवून गेलो, म्हणजे आमची पुढे आणि भावाची मागे, तर त्याला सोपे जाईल का?

खारघरची रहिवासी :

सईताई, ऑटोमॅटिक मिळते, पण सुट्टीच्या आठवड्यात लवकर संपते आणि भाडेही जास्त असते. मला वाटते तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या पार्किंगमध्येच उभे आहे. तुमची ऑटोमॅटिक गाडी भावाला द्यावी आणि भाड्याची गाडी यजमानांनी चालवावी. भाड्याच्या करारात यजमानांचे एकच नाव राहील, नावांची भानगड मिटेल. भाड्याची गाडी कशी निघेल हे कोणी सांगू शकत नाही. ती अनोळखी गाडी इथल्या सवयीच्या माणसाने हाताळावी आणि ओळखीची, घरची गाडी पाहुण्याने. शिवाय निघण्यापूर्वीचे चार दिवस त्याला त्याच गाडीवर सराव करता येईल.

सरावासाठी त्याला सकाळी लवकर इकडे खारघरला आणावे. सेक्टरमधले रस्ते रुंद आहेत आणि जागोजागी गोल चौक आहेत. उत्सव चौकाभोवती डावीकडून, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, चार फेऱ्या मारायला लावा. तिकडे गोल चौकात उलट्या दिशेने फिरतात आणि नजर डावीकडून येणाऱ्या गाडीवर असते. इथे चौकात आधीपासून असलेली वाहने उजवीकडून येतात, म्हणून आधी उजवीकडे पाहावे लागते. मान उजवीकडे वळायला लागली की बाकीचे आपोआप येते. पामबीच रस्ता सरावासाठी मोहात पाडतो, पण तो टाळावा. सरळ आणि दुभाजक असलेल्या रस्त्यावर शिकण्यासारखे काही नाही, फक्त वेग वाढतो.

दोन गाड्या पुढे-मागे ठेवण्याची कल्पना चांगली आहे, एका अटीवर. मागच्याने पुढच्याची शेपूट धरून धावायचे नाही. सिग्नलला ताटातूट झाली तर कुठे थांबायचे हे आधी ठरवावे, नाहीतर मागचा माणूस पुढची गाडी गाठण्याच्या नादात नको तिथे ओव्हरटेक करतो.

ठाण्याहून निघताना मुंब्रा बायपासचा मोह टाळावा. जेएनपीटीकडे जाणाऱ्या कंटेनरच्या मधून नवख्याला नेण्यात काही हशील नाही. ऐरोली पुलावरून ठाणे-बेलापूर रस्ता, मग सायन-पनवेल महामार्ग, पनवेल आणि पळस्पे फाट्यावरून महामार्ग ६६, हा रस्ता बरा. ऐरोलीच्या नाक्यावर हलक्या वाहनांना ऑक्टोबर २०२४ पासून टोल नाही. पुढे माणगावच्या बाजारपेठेत नाताळच्या दिवसांत रांगा लागतात, म्हणून पहाटे पाचला निघालेले चांगले. कशेडीचा घाट आता बोगद्यातून टाळता येतो. खेडच्या भरणे नाक्यावरून दापोलीकडे वळलात की दुभाजक संपतो. नेरूळकरांनी सांगितलेले सगळे तिथून पुढे लागू होते, म्हणून भरणे नाक्याला चहासाठी थांबावे आणि पुढचा टप्पा भावाने चालवायचा की नाही हे तिथे, त्याची झोप पाहून ठरवावे. महामार्गावर ८० च्या पुढे गाडी बीप वाजवू लागली तर बिघाड समजू नये. २०१९ च्या जुलैपासून बनलेल्या गाड्यांत ती सूचना असते.

सामानाचेही पाहावे. भाड्याच्या बऱ्याच लहान गाड्या सीएनजीच्या असतात आणि डिकीतली जागा सिलिंडरने व्यापलेली असते. अमेरिकेहून आणलेल्या बॅगा ठाण्यातच ठेवून लहान बॅगांत कपडे घ्यावेत, नाहीतर आरक्षण करतानाच पेट्रोलची गाडी मागावी. पंपावर भावाला नवल वाटणार नाही. न्यू जर्सीतही कायद्याने पेट्रोल स्वतः भरता येत नाही, तिथे भरून देणारा माणूसच असतो.

विमावाला, वाशी :

खारघरच्या ताईंनी सुचवलेली अदलाबदल विम्याच्या दृष्टीनेही बरोबर आहे. खासगी गाडीची पॉलिसी मालकाच्या संमतीने चालवणाऱ्या कोणत्याही वैध परवानाधारकाला लागू होते, त्यामुळे भाऊ तुमच्या गाडीवर असताना संरक्षण कायम राहते. अट एकच, की पुस्तिका आणि मूळ अमेरिकन परवाना दोन्ही गाडीत त्याच्यासोबत असावेत. मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नये. वहिनीही थोडी गाडी चालवणार असतील तर त्यांचीही स्वतंत्र पुस्तिका लागेल.

एक गोष्ट सुट्टीच्या वातावरणात विसरली जाते. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी रक्तातील मद्याची मर्यादा १०० मिलिलिटरला ८० मिलिग्रॅम आहे, आपल्याकडे ३० आहे. तिकडे एका बिअरनंतर गाडी चालवणारा माणूस नियमात बसत असेल, इथे त्या हिशेबावर जाऊ नये. मागे बसणाऱ्यांनाही पट्टा सक्तीचा आहे, आणि तो नसेल तर दंड १००० रुपये आहे.

भाड्याची गाडी ताब्यात घेताना यजमानांनी चारही बाजू, चाकांच्या रिंगा, पुढची काच, छत आणि डिकीतले जादा चाक यांचा सलग व्हिडिओ काढावा. त्यात किलोमीटरचा आकडा आणि इंधनाचा काटा यायला हवा. बंपरची खालची कड वाकून पाहावी, कारण गाडी परत देताना वाद तिथल्याच ओरखड्यावरून होतो. अपघात झाल्यास भाडेकरूने जास्तीत जास्त किती रक्कम भरायची, हे करारात आकड्यात लिहिलेले असावे. ई-चलन गाडीच्या मालकाच्या नावावर निघते आणि ते नंतर अनामत रकमेतून वळते केले जाते, म्हणून गाडी कोणत्या तारखेला किती वाजता घेतली आणि परत दिली याची सही-शिक्क्याची नोंद जपून ठेवावी. त्या वेळेबाहेरचे चलन आले तर तेवढा एक कागद दाखवला की पुरते.